आवडत्या व्हिडिओ गेमची यादी कशी करावी: अनेक वर्षे खेळत आलेल्यांसाठी

अनेक वर्षे व्हिडिओ गेम खेळत आलेल्या माणसाने स्वतःच्या आवडत्या गेमची यादी करायला बसावे आणि सर्वांत आधी इंटरनेट उघडावे, ही या कामातली सर्वांत मोठी चूक होय. ‘सर्वकाळातील शंभर श्रेष्ठ गेम’ अशा थाटाची एखादी यादी नजरेखालून गेली, की आपली आठवण आणि इतरांची शिफारस यांची सरमिसळ होते, आणि जो गेम आपण जेमतेम अर्धा तास खेळलो होतो तोही आपला जिवाभावाचा होता असे वाटू लागते. म्हणून सुरुवात कोऱ्या कागदाने करावी. नावे जशी आठवतील तशी लिहीत जावीत. क्रम लावू नये, वर्ष शोधू नये, आणि नाव आठवत नसेल तर ‘शिड्या, वरून गडगडत येणारी पिंपे’ एवढे वर्णन लिहून पुढे जावे. तो १९८१ सालचा ‘डाँकी काँग’ होता हे यथावकाश कळतेच. आठवडाभराने पहिला कागद न पाहता दुसरा कागद भरावा. दोन्ही कागदांवर आलेली नावे हा यादीचा कच्चा माल समजावा. एकाच कागदावर आलेली नावे खोडू नयेत, फक्त बाजूला ठेवावीत.

या टप्प्यावर आणखी एक भेद करून ठेवणे आवश्यक आहे. महत्त्वाचा गेम, श्रेष्ठ गेम आणि आवडता गेम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अटारी कंपनीचा ‘पाँग’ १९७२ साली आला आणि त्याने एका उद्योगाला जन्म दिला. त्याचे ऐतिहासिक महत्त्व कोणी नाकारणार नाही, परंतु तो महत्त्वाचा आहे म्हणून आपल्या आवडीच्या यादीत आलाच पाहिजे असे नाही. ज्या गेमविषयी आपल्याला केवळ आदर वाटतो, त्यांच्यासाठी वेगळे पान ठेवावे. माझे ते पान बरेच लांब आहे, आणि त्यावरच्या अनेक गेमकडे मी कधीही परत जाणार नाही.

वर्ष दोन वेळा लिहावे

प्रत्येक नावापुढे दोन रकाने आखावेत: गेम प्रकाशित झाला ते वर्ष आणि आपण तो खेळलो ते वर्ष. ही दोन वर्षे क्वचितच जुळतात. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ सालचा असला, तरी तो पुढची दहा-पंधरा वर्षे नवे खेळाडू मिळवत राहिला, आणि ज्याने तो उशिरा खेळला त्याची आठवण त्या उशिराच्या काळाची असते. प्रकाशनाचे वर्ष कुठेही सापडते. खेळल्याचे वर्ष मात्र आपल्यालाच शोधावे लागते, आणि त्यासाठी सर्वांत भरवशाचा धागा म्हणजे यंत्र. गेम कोणत्या यंत्रावर खेळलो हे आठवले, की काळाची खालची मर्यादा निश्चित होते. निंटेंडोचा फॅमिकॉम १९८३ चा, गेम बॉय १९८९ चा, सोनीचा पहिला प्लेस्टेशन १९९४ च्या डिसेंबरात जपानमध्ये आलेला आणि प्लेस्टेशन २ हा २००० सालचा. त्यामुळे हातात कोणता कंट्रोलर होता एवढे आठवले तरी पुष्कळसे काम होते. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क जपून ठेवलेली असेल, तर सेव्ह फाइल उघडून पाहाव्यात. त्यांची ‘शेवटचा बदल केल्याची तारीख’ पाहावी, ‘निर्मितीची तारीख’ नव्हे, कारण फाइल एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेताना निर्मितीची तारीख बहुधा नव्याने पडते.

डिजिटल खात्यांत खेळलेल्या तासांची नोंद असते, आणि तिचा मोह आवरणे कठीण असते. तो आवरावा. सांघिक ऑनलाइन गेममध्ये हजार तास सहज जातात आणि त्यांतले कित्येक तास निव्वळ सवयीचे असतात. उलट २०१२ सालचा ‘जर्नी’ दोन-तीन तासांत संपतो आणि तरीही तो अनेकांच्या मनातून जात नाही. तासांवरून आवड ठरवणे म्हणजे प्रवासाच्या अंतरावरून गावाची गोडी ठरवण्यासारखे आहे.

हाताची कसोटी

आता प्रत्येक गेमसाठी एकच वाक्य लिहावे, आणि त्या वाक्यात आपला हात काय करत होता ते यावे. कथा कशी होती, चित्रे कशी होती, संगीत कसे होते, हे सर्व नंतर. माझ्या मते या संपूर्ण पद्धतीचा कणा हाच आहे, कारण डोळ्यांची आठवण फसवी असते. १९९६ सालची ओबडधोबड त्रिमितीय चित्रे आपल्याला आठवतात ती आजच्या चित्रांइतकी गुळगुळीत होऊन, पण उडी कोणत्या क्षणी मारायची हे हाताला आठवते ते जसेच्या तसे.

काही उदाहरणे घेऊ. तोमोहिरो निशिकाडो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या १९७८ सालच्या गेमविषयी माझे वाक्य असे आहे: ‘शत्रू कमी होत जातात तसा बोटांवरचा ताण वाढत जातो.’ याचे कारण गमतीदार आहे. त्या काळच्या प्रोसेसरला सर्व परग्रहवासी हलवायला वेळ लागत असे, आणि जसजसे ते मरत तसतसे काम हलके होऊन उरलेले अधिक वेगाने सरकत. यंत्राच्या दुबळेपणातून जन्मलेला हा वेग निर्मात्याने तसाच ठेवला आणि तोच गेमचा प्राण ठरला. तोरू इवातानी यांच्या ‘पॅक-मॅन’मध्ये (१९८०) वळण येण्याच्या किंचित आधीच जॉयस्टिक वळवली, तर कोपरा कापून निघता येते आणि पाठलाग करणारी भुते मागे पडतात. शिवाय चारही भुतांचे स्वभाव वेगळे आहेत: लाल भूत थेट आपल्या मागे येते, गुलाबी भूत आपल्या तोंडापुढच्या चार घरांचा नेम धरते, आणि नारिंगी भूत जवळ आले की माघार घेते. हे नियम ठाऊक नसतानाही हाताने ते ओळखलेले असतात, आणि पॅक-मॅन ज्याच्या यादीत टिकतो त्याच्या बाबतीत बहुधा हेच झालेले असते.

‘टेट्रिस’विषयी फार लिहिण्याची गरज नाही. अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोत इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकावर तो रचला. प्रत्येकी चार चौकोनांचे सात आकार, एवढेच त्याचे भांडवल. तो ज्याच्या यादीत आहे त्याला कारण सांगावे लागत नाही. एक गोष्ट मात्र नोंदवण्याजोगी आहे: निंटेंडोच्या कन्सोलवरील (टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रावरील) १९८९ सालच्या टेट्रिसला कोणी माणसाने इतके पुढे नेले की गेमच गोठून पडला, ही घटना थेट २०२३ च्या डिसेंबरात घडली, आणि ते करणारा मुलगा तेरा वर्षांचा होता. चौतीस वर्षांपूर्वीचा गेम त्याच्या हातांना जुना वाटला नव्हता.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) हा माझ्या यादीतला सर्वांत जुना रहिवासी आहे. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावताना आणि उड्या मारताना चित्रित केले आणि त्या चित्रणाची एकेक चौकट गिरवून राजपुत्राच्या हालचाली तयार केल्या. त्याचा परिणाम केवळ देखणेपणापुरता मर्यादित नाही. राजपुत्राला खऱ्या माणसासारखे वजन आहे. तो धावू लागला की चटकन थांबत नाही, आणि म्हणून कळ दाबण्याचा निर्णय कड्यावर पोहोचण्यापूर्वीच घ्यावा लागतो. हातात साठ मिनिटे, वाटेत खालून वर येणारे अणकुचीदार सुळे, आणि आधीच घेतलेल्या निर्णयाची ती धाकधूक. माझे वाक्य तेच आहे: ‘उडी मारायची वेळ दिसते त्याच्या आधी असते.’

‘टूम्ब रेडर’ (१९९६) या गेमविषयी मी स्वतः साशंक होतो. आज तो पाहिला तर त्याची नायिका लारा हिचे अवघडलेले फिरणे हास्यास्पद वाटते, आणि पुन्हा खेळल्यावर तो यादीतून गळणार अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात उलटे झाले. त्या गेमचे सारे जग चौकोनी ठोकळ्यांत आखलेले आहे. कड्याच्या अगदी टोकावर उभे राहायचे, एक उडी मागे घ्यायची, मग धावत सुटून उडीची कळ दाबून धरायची. लारा नेमकी टोकावरून झेपावते आणि नेमके ठराविक अंतर कापते. दहा मिनिटांत माझ्या अंगठ्याने हे मापन न विचारता सुरू केले. पुढच्या काळातील साहसी गेममध्ये पात्र आपणहून कड्याला लटकते आणि खेळाडूला फक्त दिशा दाखवावी लागते. तिथे पडण्याची भीती नसते आणि म्हणून पोहोचण्याचे समाधानही अर्धेच असते.

या कसोटीला अपवाद आहेत, आणि ते मान्य केले पाहिजेत. ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०) या गेममध्ये तलवारबाजी जिंकायची ती तलवारीने नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याच्या टोमण्याला चपखल उत्तर देऊन. ‘डिस्को एलिसियम’ (२०१९) हा जवळजवळ संपूर्णपणे वाचण्याचा गेम आहे. अशा गेमच्या वाक्यात हाताऐवजी डोके काय करत होते ते लिहावे. परंतु ‘वातावरण फार छान होते’ यापलीकडे वाक्य जातच नसेल, तर त्या नावापुढे प्रश्नचिन्ह घालावे.

पुन्हा खेळून पाहणे

प्रश्नचिन्ह असो वा नसो, शक्य तो प्रत्येक गेम पुन्हा खेळावा. त्यासाठी दोन बैठका ठरवाव्यात, प्रत्येकी साधारण तासभराची. पहिल्या बैठकीची सुरुवातीची वीस मिनिटे मोजूच नयेत, कारण तेवढा वेळ हाताला जुनी मांडणी आठवण्यातच जातो. मांडणी मात्र जुनीच ठेवावी. ‘डूम’ (डिसेंबर १९९३) आज खेळायला घेतला, तर बहुतेक जण डब्ल्यू, ए, एस, डी या कळा आणि माउस वापरतात. पण ज्याने तो मुळात बाणांच्या कळांनी, कंट्रोल दाबून गोळी झाडत, ऑल्ट धरून कडेला सरकत आणि स्पेसबारने दारे उघडत खेळला, त्याच्या हाताची आठवण त्या कळांमध्येच आहे. तसे केले की राक्षसाचा आगीचा गोळा संथपणे येताना दिसतो आणि करंगळी आपोआप सरकते. आधुनिक एम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) वेळ मागे फिरवण्याची आणि हव्या त्या क्षणी सेव्ह करण्याची सोय असते. पहिल्या बैठकीत ती बंद ठेवावी. दुसऱ्या बैठकीत खुशाल वापरावी, कारण नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्या माणसाने तीच लेव्हल चाळीस वेळा खेळावी असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. ‘सेलेस्ट’ने (२०१८) गेमचा वेग कमी करण्यापासून अजिंक्य होण्यापर्यंतच्या सवलती स्वतःच्या मेनूतच दिल्या, आणि त्यामुळे त्या गेमची प्रतिष्ठा तसूभरही कमी झाली नाही.

जुने गेम आजच्या यंत्रावर चालवण्याचे मार्ग थोडक्यात असे. अधिकृत नवी आवृत्ती मिळत असेल तर ती घ्यावी. २००८ साली सुरू झालेल्या जीओजीसारख्या विक्रेत्यांकडे जुने गेम आजच्या विंडोजवर चालतील अशा स्थितीत मिळतात. विंडोजपूर्वीच्या डॉस या प्रणालीच्या काळातील गेमसाठी डॉसबॉक्स, आणि मंकी आयलंडसारख्या ‘टिचकी मारा आणि शोधा’ प्रकारच्या साहसकथांसाठी स्कमव्हीएम वापरावे. डूमचा सोर्स कोड त्याच्या निर्मात्यांनी १९९७ साली खुला केला, त्यामुळे त्याची आधुनिक रूपे अनेक आहेत. जुना अनुभव जसाच्या तसा हवा असेल तर ‘चॉकलेट डूम’ निवडावे. एम्युलेटर कोणताही असो, गेमची प्रत आपण रीतसर मिळवलेली असावी.

इथे एक सूचना सविस्तर द्यावीशी वाटते, कारण तिच्या अभावी पुष्कळ जण चांगल्या गेमवर अन्याय करतात. पुन्हा खेळताना गेम ‘बिघडलेला’ वाटला, तर दोष गेमला देण्यापूर्वी यंत्रणा तपासावी. डॉसच्या अनेक गेमचा वेग प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून होता; डॉसबॉक्समध्ये कंट्रोलसह एफ ११ दाबल्यास वेग घटतो आणि एफ १२ दाबल्यास वाढतो, आणि योग्य वेग मिळेपर्यंत तो जुळवत राहावे लागते. त्या काळची ३२० गुणिले २०० बिंदूंची चित्रे ४:३ प्रमाणाच्या पडद्यावर पसरलेली असत, म्हणजे प्रत्येक बिंदू रुंदीपेक्षा उंच होता. ती दुरुस्ती सुरू केली नाही तर सगळी पात्रे बुटकी दिसतात. कन्सोलच्या बाबतीत जगाचे दोन भाग होते: काही देशांतले टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र रंगवत आणि काही देशांतले ६० वेळा, आणि ज्या गेममध्ये हा फरक भरून काढलेला नव्हता ते ५० च्या टीव्हीवर सुमारे १७ टक्के संथ चालत. लहानपणी संथ आवृत्ती खेळलेल्या माणसाला मूळ वेगाची आवृत्ती विनाकारण अवघड वाटू शकते.

सर्वांत जास्त फसवतो तो पडदा. काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीवर कळ दाबल्याचा परिणाम जवळजवळ तत्काळ दिसे; आजचे टीव्ही चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेत थोडा वेळ घेतात, आणि तेवढ्या विलंबाने उडी हुकते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो आधी सुरू करावा. ‘डक हंट’सारखे बंदुकीचे गेम मात्र मूळ उपकरणांसह आजच्या पडद्यावर चालतच नाहीत. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला संवेदक तो प्रकाश शोधतो. ही सारी योजना जुन्या टीव्हीच्या चित्र रंगवण्याच्या वेळेशी बांधलेली आहे.

जुनी कार्ट्रिज, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या गेमच्या डब्या, जपून ठेवलेल्यांनी मनाची तयारी करून ती लावावीत. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’सारख्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह टिकवण्यासाठी छोटी बॅटरी असते, आणि ती संपली की सेव्हही जाते. गेम शाबूत असतो, बॅटरी बदलून घेता येते. पण त्या वेळची प्रगती परत येत नाही. माझ्याकडच्या एका कार्ट्रिजमध्ये भावंडांनी मिळून केलेली नोंद होती. कार्ट्रिज लावल्यावर तीन रिकामे रकाने दिसले.

जे गेम आता खेळताच येत नाहीत

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे आढळले, की अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात विक्रीसाठी उपलब्ध नाहीत. निंटेंडोने ३डीएस आणि वी यू या कन्सोलची ऑनलाइन दुकाने मार्च २०२३ मध्ये बंद केली, तेव्हा केवळ तिथेच मिळणारे गेम विकत घेण्याची वाट बंद झाली. ‘द क्रू’ हा २०१४ सालचा मोटार शर्यतीचा गेम एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी जोडलेला राहत असे, आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाल्यावर तो पैसे मोजून घेतलेल्यांच्याही हातून गेला. यादीतल्या अशा नावांपुढे फुली मारू नये. एखादे वेगळे चिन्ह करावे आणि निवाडा आठवणीवर सोडावा.

काही गेम अर्धेच गेलेले असतात. ‘व्हाइस सिटी’ (२००२) माझ्या दोन्ही कोऱ्या कागदांवर आला होता. पुन्हा खेळलो तेव्हा लक्षात आले, की माझ्या आठवणीत होते ते रात्रीचे दिवे आणि गाडीतला रेडिओ. नेम धरणे तेव्हाही कंटाळवाणेच होते. त्यात गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपल्यामुळे नंतरच्या डिजिटल आवृत्तीतून काही गाणी काढून टाकलेली आहेत, त्यामुळे रेडिओही पूर्वीचा राहिलेला नाही. मी तो यादीतून काढून आदराच्या पानावर नेला, आणि हे लिहिताना अजूनही थोडे वाईट वाटते.

मित्रांसह खेळलेल्या गेमची गोष्ट निराळी आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’ आजही खेळता येतो, ‘डस्ट २’ हा २००१ सालचा नकाशा आजही आहे, पण शेजारच्या खुर्चीवरून ओरडणारा गडी नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची २००४ सालची दुनिया २०१९ मध्ये ‘क्लासिक’ या नावाने परत आणली गेली. डोंगर, गावे, राक्षस सर्व जागच्या जागी होते, परंतु या वेळी प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट आधीच ठाऊक होती. अशा गेमच्या वाक्यात कोणाबरोबर आणि कोणत्या नकाशावर खेळलो ते लिहावे, आणि पुन्हा खेळण्याची अट सोडून द्यावी.

रीमेकविषयी, म्हणजे जुना गेम नव्याने घडवला असेल त्याविषयी, नियम साधा आहे: तो वेगळा गेम मानावा. १९९८ सालच्या ‘रेझिडेंट ईव्हिल २’मध्ये कॅमेरा भिंतीला खिळलेला आहे आणि दाराआडचे काही दिसत नाही, २०१९ च्या रीमेकमध्ये कॅमेरा खांद्यामागे आहे आणि नेम धरावा लागतो. नाव एक असले तरी हाताचे काम वेगळे आहे. नुसता रीमास्टर असेल, म्हणजे चित्रे उजळली पण खेळणे तेच, तर नवी नोंद नको.

गर्दी कमी करणे

एवढे झाल्यावर यादीत दोन ठिकाणी फुगवटा दिसतो. पहिला आपल्या वयाच्या दहा ते सतरा या वर्षांचा. त्यावर इलाज नाही, आणि तो लपवूही नये, म्हणून तर दुसरा रकाना ठेवला. दुसरा फुगवटा एखाद्या भरघोस वर्षाचा असतो. १९९८ घ्या: ‘हाफ-लाइफ’, ‘स्टारक्राफ्ट’, ‘ऑकरिना ऑफ टाइम’, ‘मेटल गिअर सॉलिड’ आणि ‘थीफ’ ही सर्व त्या एकाच वर्षाची अपत्ये. अशा वर्षातून जास्तीत जास्त दोन गेम घ्यावेत असा निर्बंध मी स्वतःवर घातला आहे, कारण निर्बंधाशिवाय खरी आवड बोलत नाही. माझ्याकडे ‘थीफ’ आणि ‘हाफ-लाइफ’ राहिले. ‘थीफ’मध्ये फरशीवर पाऊल वाजते, गालिच्यावर वाजत नाही, पडद्याखालचा मणी आपण किती उजेडात आहोत ते दाखवतो, आणि सर्वांत कठीण पातळीवर माणसे मारण्याची मुभाच नाही. सर्व गेम वेगाने धावायला शिकवत असताना या एकाच गेमने माझ्या बोटाला हळू चालायला शिकवले.

दोन गेममध्ये निवड होत नसेल, तर ‘कोणता अधिक चांगला’ असे विचारू नये; ‘आज रात्री दोन तास मोकळे आहेत, कोणता लावशील?’ असे विचारावे. मी या प्रश्नावर ‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) सोडून ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) ठेवला. एच ही कळ दाबून टाउन सेंटर ही गावाची मुख्य इमारत निवडायची, नवा गावकरी मागवायचा, मेंढ्या शोधायच्या, आणि पहिल्या दहा मिनिटांत क्षणभरही टाउन सेंटर रिकामे राहू द्यायचे नाही. ही लय २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्येही तशीच सापडली. संख्या गोल करण्याच्या फंदात पडू नये. माझी यादी सतरा नावांची आहे आणि ती वीसपर्यंत नेण्यासाठी मी केलेला प्रत्येक प्रयत्न खोटा निघाला.

२००० नंतरच्या वर्षांकडे मुद्दाम अधिक लक्ष द्यावे, कारण जुन्या खेळाडूला ‘आता पूर्वीसारखे गेम होत नाहीत’ असे म्हणण्याची खोड असते. ‘पोर्टल’ने (२००७) भिंतीत दोन भोके पाडण्याचे एकच हत्यार दिले आणि पडण्याचा वेग पुढे उडण्यासाठी वापरायला शिकवले. ‘डार्क सोल्स’मध्ये (२०११) मेल्यावर साठवलेले धन मेलेल्या जागी पडून राहते, आणि तिथे पोहोचण्याआधी पुन्हा मेलो तर ते कायमचे जाते; बोट ढालीच्या कळीवर घट्ट बसते ते त्यामुळे. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (२०१७) जवळजवळ कोणताही कडा चढता येतो, पण पाऊस आला की हात सटकतो, आणि मी अर्ध्या डोंगरावर लटकून आभाळ उघडण्याची वाट पाहत बसलो आहे.

‘आऊटर वाइल्ड्स’ने (२०१९) मात्र माझी सारी पद्धत मोडली. बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि सर्व पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नवे हत्यार नाही, नवी शक्ती नाही, प्रत्येक फेरीतून पुढे जाते ते फक्त आपले ज्ञान. म्हणून तो एकदाच खेळता येतो. पुन्हा लावला तेव्हा मी अवघ्या एका फेरीत शेवटाला पोहोचलो, कारण कुठे जायचे ते ठाऊक होते, आणि शोधण्याचे काहीच उरलेले नव्हते. कसोटीत तो सपशेल नापास झाला आणि तरीही यादीतच राहिला. अशी एखादी नोंद प्रत्येकाच्या यादीत निघेल. तिच्यासाठी नियम वाकवावा आणि का वाकवला ते शेजारी लिहून ठेवावे.

शेवटची अट नव्या गेमसाठी आहे. संपवल्यानंतर दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत कोणताही गेम शाईने लिहू नये. ‘एल्डन रिंग’ (२०२२) ही मुदत ओलांडून आत आला. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) मी उशिरा सुरू केला आणि त्याहून उशिरा संपवला, त्यामुळे तो अजून पेन्सिलीने लिहिलेला आहे, आणि त्याच्यापुढचे वाक्य मी आतापर्यंत तीन वेळा खोडले आहे.